खंबीर मन : कमवावे कसे, जपावे कसे

‘मन खंबीर ठेवा’ हे शब्द आपण वैद्यक व्यावसायिक दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी केली नसेल. कर्करोगाचे निदान सांगताना, अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांशी बोलताना, मधुमेहामुळे पाय गमावलेल्या गृहस्थांचा निरोप घेताना हे शब्द आपसूक ओठांवर येतात. त्यामागची कळकळ खरी असते. परंतु इतर कोणतेही औषध देताना आपण त्याची मात्रा सांगतो, जेवणापूर्वी की जेवणानंतर हे सांगतो, किती दिवस घ्यायचे तेही सांगतो. खंबीरपणाच्या बाबतीत मात्र आपण नुसते औषधाचे नाव घेतो आणि चिठ्ठी कोरीच ठेवतो. प्रस्तुत लेख ही ती कोरी चिठ्ठी भरण्याचा एक अल्पसा प्रयत्न आहे. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, या शहरात व्यवसाय करणारा एक सामान्य फिजिशियन आहे. त्यामुळे येथे मांडलेली मते अनुभवातून आणि थोड्याफार वाचनातून बनलेली आहेत, हे आरंभीच नमूद करतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. खंबीर मन म्हणजे ज्याला काहीच लागत नाही असे मन, अशी आपली एक समजूत आहे. दगडाला काही लागत नाही, पण दगड वाढतही नाही. ज्याला दुःख होते आणि तरीही ज्याचे हातचे काम सुटत नाही, ज्याला भीती वाटते आणि तरीही जो रुग्णाच्या उशाशी उभा राहतो, तो खंबीर. संवेदना बोथट होणे हे खंबीरपणाचे लक्षण नव्हे. ते बहुधा आजाराचे पहिले लक्षण असते. या दोहोंतील भेद न कळल्यामुळे आपल्या व्यवसायाची फार मोठी हानी झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुसीकाठची चिंच

हैदराबादकरांना खंबीरपणाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हे शहर होत्याचे नव्हते केले. सुमारे पंधरा हजार माणसे त्यात दगावली, असा अंदाज सांगितला जातो. त्या दिवशी अफजलगंजच्या बागेतील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचवले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या रुग्णालयात शिकलेल्यांनी तर त्याच्या सावलीत उभे राहून चहाही घेतला असेल.

या झाडाचा दाखला देऊन ‘चिंचेसारखे ठाम उभे राहा’ असा उपदेश अनेकदा केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. झाडाने दीडशे जणांना तारले. शहराला मात्र ते तारू शकले नाही. म्हणूनच पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुन्हा असा पूर आला तर अधिक बळकट झाडे लावा, असे त्यांनी सांगितले नाही. पाणी शहरात शिरण्यापूर्वीच अडवणारी धरणे बांधा, असे त्यांनी सुचवले. त्यातूनच १९२० साली मुसीवर उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि १९२७ साली ईसी नदीवर हिमायतसागर उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडवले होते, तेच पाणी पुढे कित्येक पिढ्यांनी प्यायले.

माझ्या मते मनाच्या खंबीरपणाचे संपूर्ण शास्त्र या एका घटनेत सामावलेले आहे. पूर आला असता तग धरणे ही झाली चिंचेची खंबीरता. ती मुळांवर अवलंबून असते आणि मुळे एका रात्रीत वाढत नाहीत. पूर येण्यापूर्वी पाण्याला वाट आणि साठा करून देणे ही झाली धरणाची खंबीरता; ती एकट्याने साधत नाही, तिला संस्था लागते. आपण एकमेकांना चिंच होण्याचा उपदेश करतो आणि धरण बांधण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

रॉस एकटे नव्हते

दुसरे उदाहरणही याच शहरातले आहे आणि आपल्या व्यवसायातलेच आहे. सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनोफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी पाहिला, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. त्या दिवसापूर्वीची दोन वर्षे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतात. १८९५ पासून ते डास चिरत होते आणि दुर्दैवाने ते डास बहुतेक चुकीच्या जातीचे होते. मध्येच कॉलऱ्याच्या कामासाठी त्यांना बंगळूरला पाठवण्यात आले. निलगिरीच्या परिसरात हिंडताना स्वतःच हिवतापाने आजारी पडले. सिकंदराबादच्या उकाड्यात पंखा चालवण्याची सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, उरलेल्या एकुलत्या नेत्रभिंगाला तडा गेला. अखेर हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन स्वतःला डास चाववून घेतले आणि त्याच डासांतून इतिहास घडला.

यशानंतरचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. शोधानंतर लवकरच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली आणि काम ठप्प झाले. सामान्य माणूस येथे हाय खाऊन बसला असता. रॉस पुढे कलकत्त्याला गेले, तेथे मनुष्याऐवजी पक्ष्यांतील हिवताप त्यांनी अभ्यासाला घेतला आणि १८९८ मध्ये डासाच्या दंशातून होणारे संक्रमण सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या चिकाटीमुळे.

पण ही चिकाटी कशावर उभी होती? लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन नावाचे एक वडीलधारे वैद्यक होते. १८९४ मध्ये त्यांनीच रॉस यांना ही दिशा दाखवली होती. पुढील काही वर्षांत या दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रांची देवाणघेवाण झाली. पत्र बोटीने जाई आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. त्या पत्रांत रॉस यांचा वैताग आहे, निराशा आहे, वरिष्ठांवरचा संताप आहे. आणि मॅन्सन यांच्याकडून पुनःपुन्हा दिलेला धीर आहे. ज्यांना आपण एकांड्या शिलेदाराचे उदाहरण समजतो, ते गृहस्थ दर काही दिवसांनी कोणाजवळ तरी मन मोकळे करत होते. तेव्हा मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना हल्ली एकच प्रश्न विचारतो : ‘तुमचे मॅन्सन कोण?’ ज्याला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

भार आणि विश्रांती

शरीरशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर खंबीरपणा भाराने वाढतो. १८९२ मध्ये मांडला गेलेला वोल्फ यांचा नियम आपण शिकलो आहोत : हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची रचना बदलते आणि ते बळकट होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होतात. मनाचेही तसेच आहे. लेकराला प्रत्येक ठेचेपासून वाचवणारे आईवडील त्याच्या मनाची हाडे ठिसूळ करतात, यात शंका नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही आपली म्हण उगाच आलेली नाही.

परंतु अस्थिरोगशास्त्रात दुसरेही एक प्रकरण आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन सैन्यातील शल्यचिकित्सकाने कवायत करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले. पुढे त्यालाच ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडले. त्या जवानांना कोणी मारले नव्हते, ते कोठून पडलेही नव्हते. विश्रांती न देता तोच तो भार पुनःपुन्हा पडत राहिला, एवढेच झाले होते. म्हणजे ज्या भाराने हाड बळकट होते, त्याच भाराने ते मोडते. फरक असतो तो दोन भारांमधील विसाव्याचा. माझ्या चिठ्ठीवरील मात्रेचा पहिला नियम हाच आहे. कष्ट कमी करा असे मी कोणालाच सांगणार नाही. पण विसाव्याशिवायच्या कष्टाला खंबीरपणा म्हणू नका, असे आवर्जून सांगेन.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी एका मोफत दवाखान्यातील तळमळीने काम करणारी माणसे पाहून ‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे निश्चित केली : भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल वाटणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. यातील दुसऱ्या लक्षणाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘सात नंबरच्या बेडची ती किडनी’ असे आपण ज्या दिवशी म्हणू लागतो, त्या दिवशी आपण कणखर झालेलो नसतो, थकलेलो असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम म्हटले आहे. म्हणजेच उपचार केवळ माणसावर नव्हे, कामाच्या व्यवस्थेवरही करावयास हवेत.

‘आमच्या वेळी नव्हते असले लाड’

हा आक्षेप आपल्या ज्येष्ठ सभासदांकडून येणार, हे मी गृहीत धरले आहे. मीही त्याच पिढीचा आहे. माझ्या इंटर्नशिपच्या काळात एका तरुण बाळंतिणीचा रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मृत्यू झाला. आम्ही चौघे सुन्न उभे होतो. वरिष्ठ म्हणाले, ‘चहा घेऊन या, पुढची केस टेबलावर आहे.’ आम्ही चहा घेतला आणि पुढची केसही पार पाडली. त्या वरिष्ठांना मी दोष देत नाही. त्यांनाही त्यांच्या वरिष्ठांनी हेच शिकवले असणार. परंतु त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो आणि आम्हा चौघांत त्या विषयावर पुन्हा कधीही एक शब्द निघाला नाही, हेही आठवते.

आमच्या वेळी कामाचे तास कमी नव्हते, हे खरे. पण रात्री मेसमध्ये एकत्र जेवण होते, घरी एकत्र कुटुंब होते, आणि रुग्ण दगावला तरी त्याचे वडील डॉक्टरांच्या पाया पडून जात असत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तो निर्णय रुग्णांच्या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. पण त्यानंतरच्या पिढीच्या मनावरचा भार वेगळा आहे, हे मान्य करण्यास काय हरकत आहे? शिवाय आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ‘आम्ही टिकलो’ असे सांगणारे तेवढे स्नेहसंमेलनाला येतात. जे टिकले नाहीत, ज्यांनी व्यवसाय सोडला, ज्यांनी दारूला जवळ केले, ते आक्षेप घ्यायला येत नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल सादर केला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांच्या मनात मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. अशा पाहणीत स्वेच्छेने उत्तर देणारेच सहभागी होतात, ही तिची मर्यादा लक्षात घेतली तरी हा आकडा झोप उडवणारा आहे. ही आपली मुले आहेत. ‘कणखर व्हा’ एवढे सांगून त्यांची बोळवण करणे मला पाप वाटते.

वैद्यकातील समचित्ततेचे महत्त्व सर विल्यम ऑस्लर यांनी १ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील निरोपाच्या भाषणात सांगितले. ते भाषण आजही विद्यार्थ्यांना वाचायला दिले जाते. त्याच ऑस्लर यांचा मुलगा रिव्हिअर १९१७ मध्ये महायुद्धात मारला गेला. वडील त्या आघाताने खचले; तरीही रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यासाठी घराचे दार त्यांनी बंद केले नाही. समचित्ततेचे हे आचार्य शोकही करत होते आणि कामही करत होते. दोन्ही एकाच मनात राहू शकते. हेच आपण पुढच्या पिढीला सांगायला हवे.

घराघरांतील प्रश्न

ही स्मरणिका केवळ डॉक्टर वाचत नाहीत, म्हणून काही शब्द समाजबांधवांसाठी. हैदराबादच्या मराठी माणसाला खंबीरपणा शिकवण्याची गरज नाही. परभाषक मुलुखात राहून आपल्या पूर्वजांनी १९०७ साली विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली, मराठी शाळा, ग्रंथालये आणि गणेशोत्सव चालवले. ते एकेकटे फार बलवान होते असे नाही. ते एकत्र येत असत. सुलतान बाजार आणि काचीगुड्याच्या त्या वाड्यांत कोणाच्या घरी दुखणे आले तर शेजारी न विचारता डबा घेऊन येत. तीच आपली धरणे होती. आता मुले अमेरिकेत आहेत, आईवडील कोंडापूरच्या किंवा मियापूरच्या नवव्या मजल्यावर आहेत आणि डबा घेऊन येणारा शेजारी तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकाला ओलांडून वर येऊ शकत नाही. माझ्या दवाखान्यात छातीत धडधडते म्हणून येणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांचा ईसीजी उत्तम असतो. त्यांना गोळीपेक्षा गप्पांची गरज अधिक असते.

दुसरा प्रश्न मुलांच्या परीक्षांचा. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणातील इंटरमिजिएटचे निकाल लागले आणि त्यानंतरच्या काही दिवसांत वीसच्या आसपास मुलांनी जीवन संपवल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या निकालांत गंभीर गोंधळ होता, हे पुढे उघड झाले. गुणपत्रिकेवरील आकडा चुकू शकतो. आपल्या मुलाविषयीचे आपले मत त्या आकड्यावर ठरत नाही, हे त्याला निकालाच्या आधी ठाऊक असले पाहिजे. डॉक्टरांच्या घरात तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण तेथे ‘नीट’ची परीक्षा मुलापेक्षा आईवडीलच अधिक देत असतात.

मनाशी बोलण्याची कला आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत दोनशे पाच श्लोक केवळ मनाला उद्देशून लिहिले आणि तेही त्याला बोल लावत नव्हे, तर एखाद्या भल्या माणसाची समजूत घालावी तसे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच्या बरीच जवळ जाते, कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ यातील हट्टी ‘च’ काढून ‘मिळाले तर आवडेल, त्यासाठी झटेन’ असे म्हणायला शिकणे, हे या पद्धतीचे सार होय. एका अक्षराने केवढा भार हलका होतो, हे करून पाहावे.

चिठ्ठी

आता सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे चिठ्ठी लिहितो.

१. प्रत्येक डॉक्टरने स्वतःसाठी एक डॉक्टर नेमावा. स्वतःच्या निद्रानाशावर स्वतःच गोळी लिहिणे आजपासून बंद करावे.

२. झोपेला औषधाइतकेच मोल द्यावे. रात्रपाळीनंतरचा दिवस रेसिडेंट डॉक्टरांना मोकळा मिळावा, यासाठी आपल्यापैकी जे विभागप्रमुख आहेत त्यांनी आपल्या अधिकारात असेल तेवढे अवश्य करावे. वर उल्लेखिलेल्या कार्यगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आहे. ती तरी पाळावी.

३. रुग्ण दगावल्यानंतर, त्याच दिवशी, संबंधित सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. चूक कोणाची हे ठरवण्यासाठी नव्हे. ती सभा वेगळी. केवळ ‘तू ठीक आहेस ना?’ एवढे विचारण्यासाठी.

४. मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. त्यात आठ-दहा डॉक्टर जमून, रोगाऐवजी आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या रुग्णाविषयी बोलत. आपल्या संस्थेने महिन्यातून एकदा अशी बंद दाराआडची बैठक मराठीतून घ्यावी. दुःख मातृभाषेत लवकर बाहेर पडते.

५. संस्थेच्या सभासदांनी पाळीपाळीने आठवड्यातून एकदा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना दूरध्वनी करावा. रक्तदाब विचारण्याआधी काय जेवलात ते विचारावे.

६. जेथे आपले शब्द अपुरे पडतात, तेथे तज्ज्ञांकडे पाठवण्यास संकोच करू नये. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या फलकावर लावावा.

यातील पहिली दोन कलमे ज्याची त्याने पाळायची आहेत. ती आपली मुळे होत. उरलेली चार एकत्र येऊन पाळायची आहेत. ते आपले धरण होय. चौथ्या आणि पाचव्या कलमासाठी कोणत्याही निधीची, जागेची वा परवानगीची आवश्यकता नाही. एक यादी आणि एक तारीख एवढेच पुरेसे आहे. आपल्या कार्यकारिणीने पुढील सभेत ती तारीख निश्चित करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. यादीत पहिले नाव माझे लिहावे.